सुप्याचा प्रश्न, सिमल्याचे उत्तर

लोकसभेचे किंवा विधानसभेचे कामकाज प्रश्नोत्तराच्या तासाने सुरू होते हे आपण नागरिकशास्त्रात शिकवतो. सदस्य प्रश्न विचारतो, मंत्री उभे राहून उत्तर देतात. सरकार एखादा कायदा आणणार आहे का, कधी आणणार, त्यात काय असेल, असेही प्रश्न असतात. विद्यार्थ्यांना हा सारा उपचार वाटतो. पण प्रश्न विचारण्याचा हक्क आणि उत्तरासाठी लागणारी माहिती या दोन्ही गोष्टी मुळात अस्तित्वात नव्हत्या. त्या कशा आल्या याची एक हकिगत पुणे जिल्ह्याच्या बारामती आणि इंदापूर या शेजारच्या तालुक्यांत घडलेली आहे. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ती 'दख्खनचे दंगे' या नावाखाली दोन-चार ओळींत आटोपते. विज्ञानाच्या शिक्षकांनीही ती वाचावी अशी आहे, कारण तिच्या मुळाशी मोजमापाचा प्रश्न आहे.

साखळी, हात आणि आणे

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि पुणे प्रांत कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. शेतसारा किती घ्यायचा हा पहिला प्रश्न होता. रॉबर्ट प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे शास्त्रीय उत्तर देण्याचा प्रयत्न केला. प्रिंगल इंग्लंडातील हेलीबरी कॉलेजात शिकला होता. तेथे माल्थस अर्थशास्त्र शिकवीत. एकूण उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करावा, उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यावेत, असे त्याचे सूत्र होते. सूत्र नेटके होते, पण त्यात भरायचे आकडे कच्चे होते. मोजणी चुकीची झाली होती, उत्पन्नाचे अंदाज फुगलेले होते. सारा झेपेना म्हणून कुणबी जमिनी टाकून जाऊ लागले. इंदापूर तालुक्यात पडीक जमीन वाढत गेली.

मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करी अभियंता यांनी इंदापुरातच नवी पद्धत सुरू केली. पुढे ती सगळ्या मुंबई इलाख्यात गेली. म्हणजे ज्या मोजणीवर आपला सातबारा उभा आहे, तिचा पहिला प्रयोग इंदापूरच्या शेतांत झाला.

ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौरस म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे मिळून ४३,५६० चौरस फूट, म्हणजे बरोबर एक एकर. जमिनीची प्रत ठरवण्यासाठी मातीचे रंग आणि पोत यांवरून तीन वर्ग केले. पहिला बारीक पोताच्या काळ्या मातीचा, दुसरा जरा भरड आणि बहुधा तांबूस मातीचा, तिसरा मुरमाड, भुरकट मातीचा. मग खड्डा खणून मातीची खोली हातांत मोजायची. पहिल्या वर्गाची माती पावणेदोन हात खोल असेल तर ती सोळा आणे. खोली एकच हात असेल तर दहा आणे. मातीत चुनखडीचे खडे, वाळू, उतार, पाणी साचणे असा दोष आढळला की दर दोषाला एक पायरी खाली. दहा आण्यांच्या मातीत एक दोष असेल तर तिचे आठ आणे होत. अशा नऊ पायऱ्या होत्या आणि शेवटची दोन आण्यांची. १८४७ च्या संयुक्त अहवालात या पद्धतीला पक्के रूप मिळाले.

यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही, तरी पुन्हा मोजून पडताळता येईल असे हे वर्गीकरण होते. त्यामुळे दोन शेतांची तुलना न्याय्य रीतीने होऊ लागली. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. या पद्धतीने एका शेताचे दुसऱ्या शेताशी असलेले प्रमाण कळत होते. तालुक्यावर एकूण सारा किती बसवायचा हे मात्र कोणत्याही खड्ड्यात मोजता येत नव्हते. तो आकडा मागील वसुली, बाजारभाव, रस्ते यांकडे पाहून अधिकारी आपल्या अदमासाने ठरवीत. एकूण रकमेचा अदमास आणि तिची काटेकोर वाटणी, अशी ही दुहेरी रचना होती. विंगेटने अदमास सौम्य ठेवला, सारा तीस वर्षांसाठी कायम केला. इंदापुरात पडीक जमिनी पुन्हा लागवडीखाली आल्या.

तीस वर्षांनंतर

मुदत संपल्यावर १८६७ मध्ये इंदापुरात फेरआकारणी झाली. त्या आधीची चार-पाच वर्षे अगदी वेगळी होती. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वेची कामे चालू होती, मजुरी वाढली होती, धान्यही महाग झाले होते. फेरआकारणी करणाऱ्यांनी हे भाव पाहिले आणि इंदापूरचा सारा निम्म्याहून अधिक वाढवला. पुढच्या काही वर्षांत भीमथडी आणि शेजारच्या तालुक्यांतही मोठी वाढ झाली.

प्रयोग करणाऱ्याला यातली चूक लगेच दिसते. तापमानाची सरासरी काढायची असेल तर फक्त वैशाखातली नोंद घेऊन चालत नाही. युद्धाच्या काळातले भाव हे वैशाखातलेच तापमान होते, आणि त्यांचा आधार पुढच्या तीस वर्षांसाठी घेतला गेला. १८७० नंतर भाव उतरले, सारा उतरला नाही. तो भरण्यासाठी शेतकरी सावकाराकडे जाऊ लागला. भाव पडल्यामुळे सावकाराचाही हात आखडला होता. नवे कर्ज मिळेना आणि जुन्याची वसुली सुरू झाली. अखेर १८७४ मध्ये मुंबई सरकारने मर्यादा घातली. फेरआकारणीत तालुक्याचा सारा ३३ टक्क्यांहून, एका गावाचा ६६ टक्क्यांहून आणि एका खातेदाराचा दुपटीहून अधिक वाढवू नये असे ठरले. पण तोवर उशीर झाला होता.

१२ मे १८७५

१८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील कर्डे गावी एका सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर एका देशमुखाचे घर पाडायला घेतले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. न्हाव्याने हजामत करायची नाही, पाणक्याने पाणी भरायचे नाही. बहिष्काराचे हे लोण गावोगाव गेले.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे आठवड्याचा बाजार होता. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. बाजाराला जमलेल्या लोकांनी सावकारांची घरे आणि दुकाने फोडली. लोकांना सर्वांत आधी हवी होती ती कागदपत्रे. खतपत्रे, रोखे, हिशेबाच्या वह्या बाहेर काढून जाळल्या गेल्या. माणसांवर हल्ले फार थोडे झाले. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तेथे बहुधा पुढे काही घडले नाही. हा उठाव पुणे आणि अहमदनगर या दोन जिल्ह्यांत पसरला. पुणे जिल्ह्यात ५५९ आणि नगर जिल्ह्यात ३९२, अशा एकूण ९५१ लोकांना अटक झाली. त्यांपैकी ५०१ जणांना शिक्षा झाली. नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराने १९७२ मध्ये असे मत मांडले, की हे दंगे मर्यादित होते आणि त्यांचे महत्त्व फुगवले गेले. दंगे किती मोठे होते यावर वाद होऊ शकतो. सरकारने ते गंभीरपणे घेतले याबद्दल वाद नाही.

आयोगाने काय मोजले?

सरकारने आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७६ मध्ये तयार झाला आणि १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे छापील रूपात आला. आयोगाने नगर जिल्ह्यातल्या १२ गावांची बारकाईने पाहणी केली. सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात होते. त्यांचे कर्ज सरासरीने त्यांच्या साऱ्याच्या अठरा पट होते. कर्जापैकी जवळजवळ दोन तृतीयांश रकमेला जमीन गहाण होती.

आयोगात मतभेदही झाले. ऑकलंड कॉल्विन या सदस्याने वाढवलेल्या साऱ्याकडे बोट दाखवले. मुंबईच्या महसुली अधिकाऱ्यांना ते मान्य नव्हते. सावकारी आणि दिवाणी कायदे हेच मुख्य कारण, असा त्यांचा रोख होता. ज्याचे मोजमाप तपासायचे तोच तपासणीचा निष्कर्ष ठरवू लागला की काय होते, ते येथे दिसते. पुढे जो कायदा झाला तो सावकारीबद्दल झाला, साऱ्याबद्दल नाही.

तीन वर्षांचे गणित

दिवाणी कायद्याचा दोष मात्र खरा होता, आणि तो आठवी-नववीच्या गणिताने समजतो. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांच्या आत केला पाहिजे असे ठरले. हेतू असा की जुने, अवास्तव दावे ऋणकोच्या मानगुटीवर बसू नयेत. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागला. त्यात मागील व्याज मुद्दलात मिसळले जाई.

उदाहरणादाखल १०० रुपये कर्ज आणि दरसाल २४ टक्के व्याज धरू. सरळ व्याजाने बारा वर्षांत २८८ रुपये व्याज होते, म्हणजे देणे ३८८ रुपये. आता दर तीन वर्षांनी रोखा बदलला असे धरू. तीन वर्षांनी १७२ रुपये, सहा वर्षांनी सुमारे २९६, नऊ वर्षांनी ५०९ आणि बारा वर्षांनी ८७५ रुपये! व्याजाचा दर तोच, कर्ज तेच, पण कागद तीनदा बदलल्याने देणे दुपटीहून अधिक झाले. शिवाय शेवटच्या रोख्यावर मुद्दल ५०९ असे लिहिलेले. न्यायालय तेवढाच कागद पाहणार आणि शेतकऱ्याचा अंगठा त्यावर असणार. सुप्याच्या बाजारात लोकांनी कागद का जाळले, याचे उत्तर या चार आकड्यांत आहे. संरक्षणासाठी केलेला नियम व्यवहारात उलटा कसा फिरतो याचेही हे चांगले उदाहरण आहे.

सिमल्यातील विधेयक

अहवाल आला तरी कायदा लगेच झाला नाही. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. १८७९ च्या आरंभी वासुदेव बळवंत फडके यांचे बंड सुरू झाले. त्यानंतर हालचाल वेगाने झाली. १८७९ च्या जुलैत टी. सी. होप यांनी सिमल्याला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात विधेयक मांडले, ऑक्टोबरात ते मंजूर झाले. १ नोव्हेंबर १८७९ पासून पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत 'दख्खन शेतकरी साहाय्य कायदा' अमलात आला.

कायद्यातली मुख्य तरतूद वरच्या गणिताला धरून होती. न्यायाधीशाने रोख्याच्या मागे जाऊन व्यवहार पहिल्यापासून तपासावा, मुद्दल आणि व्याज यांचा हिशेब वेगळा मांडावा असे ठरले. दाव्याची मुदत वाढवली गेली. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. गहाण नसलेली जमीन जप्तीतून वगळली. शेतकऱ्याचे रोखे गावच्या निबंधकापुढेच लिहावे लागू लागले, आणि दाव्यापूर्वी तडजोडीसाठी सलोखा घडवणारे अधिकारी नेमले गेले. या कायद्याखालच्या न्यायालयांवर देखरेख करणारे विशेष न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुढे काही वर्षे काम केले.

आता आपल्या मूळ विषयाकडे येऊ. सुप्याच्या दंग्यापासून कायद्यापर्यंत साडेचार वर्षे गेली. या काळात सरकार काय करणार आहे, साऱ्याचे काय, असा प्रश्न देशातल्या कायदेमंडळात कोणी विचारला? कोणीच नाही, कारण विचारता येतच नव्हता. १८६१ च्या कायद्यानुसार कायदेमंडळात फक्त समोरच्या विधेयकावर बोलता येई. प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. निवडून आलेला सदस्य एकही नव्हता. सुप्याच्या लोकांनी प्रश्न विचारला तो आगीने. तोंडाने विचारण्याची जागा त्यांच्यासाठी नव्हती.

प्रश्नाचा हक्क

ती जागा तुकड्यातुकड्याने मिळाली. १८९२ च्या कायद्याने सदस्यांना लेखी सूचना देऊन प्रश्न विचारता येऊ लागले. उत्तर मिळाले की मात्र गप्प बसायचे. उपप्रश्न नाही, चर्चा नाही. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाची मुभा मिळाली. १९१९ च्या कायद्यानंतर ती इतर सदस्यांनाही मिळाली. उपप्रश्न ही बाब क्षुल्लक नाही. पहिले उत्तर कचेरीत तयार झालेले असते, तर उपप्रश्नाने त्या उत्तराची परीक्षा होते.

हक्क अपुरा असला की काय होते, ते १९०१ मध्ये पुण्यातच दिसले. मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. सारा थकल्याने जप्त झालेली जमीन शेतकऱ्याला परत देताना ती विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क देऊ नये, असा त्याचा आशय होता. हे विधेयक लोकांची मते घेण्यासाठी पुढे ढकलावे असे फिरोजशहा मेहता यांनी सुचवले. सरकारी बहुमताने ते फेटाळले. मेहता, गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांचे सहकारी सभागृह सोडून निघून गेले. भारतातल्या कायदेमंडळातला हा पहिल्या सभात्यागांपैकी एक. सातबाऱ्यावर आढळणाऱ्या 'नवीन शर्त' या शब्दांचे मूळ याच कायद्यात आहे.

लंडनच्या पार्लमेंटात मात्र मंत्र्याला विचारता येत होते. पुण्यात न्यायाधीश म्हणून काम केलेले विल्यम वेडरबर्न यांनी १८८० च्या दशकात पुरंदर तालुक्यासाठी शेती बँकेची योजना आखली होती. १८८४ मध्ये भारत सरकारने ती उचलून धरली, पण लंडनच्या भारतमंत्र्यांनी मंजुरी दिली नाही. निवृत्तीनंतर वेडरबर्न १८९३ ते १९०० या काळात पार्लमेंटचे सदस्य होते. रयतेची स्थिती काय आहे हे कळण्यासाठी काही निवडक गावांची बारकाईने पाहणी करा, ही त्यांची मागणी होती. भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांनी ती मानली नाही. नमुना पाहणी हा शब्द तेव्हा रूढ नव्हता, पण मागणी नेमकी तीच होती. मंत्र्याकडे उत्तर होते, उत्तरामागे मोजमाप नव्हते.

ते मोजमाप पुढे सरकारच्याच सेवेतल्या एका रसायनशास्त्रज्ञाने केले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांसह पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची घरोघर पाहणी केली. ती १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. १७७१ मध्ये सरासरी खातेदाराकडे ४० एकर जमीन होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. पाहिलेल्या १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबांचे शेतीवर भागत होते. आणखी २८ कुटुंबे बाहेरच्या मजुरीच्या आधारे तग धरून होती. उरलेली ६७ तोट्यात होती. १९२१ मध्ये त्यांनी जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचीही अशीच पाहणी छापली. दुष्काळी गावाचे दुखणे सावकारापुरते नाही, पाऊस, जमिनीचे तुकडे आणि उत्पन्न यांत ते खोल रुजलेले आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

पुन्हा इंदापूर

सावकारीवर कायदे होतच राहिले. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, १९४६ मध्ये मुंबई सावकार कायदा. त्याच्या जागी २०१४ मध्ये महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा आला. परवान्याविना सावकारी केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही, म्हणजे आपला जुना दामदुपटीचा नियम. अवैध सावकारीत गेलेली जमीन चौकशीअंती परत करण्याची तरतूदही त्यात आहे. त्या वेळी राज्याचे सहकार खाते हर्षवर्धन पाटील यांच्याकडे होते. ते विधानसभेत इंदापूरचे प्रतिनिधित्व करीत होते. ज्या तालुक्याची मातीची खोली सिमल्याला आणि लंडनला कागदावरच ठाऊक होती, त्या तालुक्याचा आमदार आता याच विषयाच्या कायद्याबद्दल सभागृहाला उत्तरदायी होता. बदल काय झाला तो एवढ्यात येतो.

आज लोकसभेत एका दिवशी तोंडी उत्तरासाठी २० तारांकित प्रश्न घेतले जातात आणि त्यांवर उपप्रश्न विचारता येतात. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन पाळले की नाही हे पाहण्यासाठी १९५३ पासून लोकसभेची स्वतंत्र समिती आहे. हक्क पुरेसा आहे. तो कसा वापरला जातो ते प्रश्नाच्या नेमकेपणावर अवलंबून आहे.

वर्गात करून पाहता येण्याजोग्या तीन गोष्टी सुचवतो. ३३ फुटांची दोरी घेऊन शाळेच्या मैदानावर एक गुंठा आखा आणि मैदान किती गुंठ्यांचे आहे ते काढा. गावातल्या दोन-तीन ठिकाणी मातीचा रंग, पोत, खोली आणि दोष पाहून तिची प्रत ठरवा, दोन गटांची उत्तरे जुळतात का ते तपासा. आणि एक दिवस वर्गात प्रश्नोत्तराचा तास भरवा. साल १८७६, मंत्रिपदी एक विद्यार्थी, समोर सुप्याचे आणि इंदापूरचे सदस्य. अट एकच. 'सरकार काय करणार?' असा मोघम प्रश्न चालणार नाही. 'फेरआकारणीसाठी कोणत्या सालांचे भाव धरले, आणि तीच साले का?' असा प्रश्न हवा. मंत्र्यानेही उत्तरात आकडा द्यावा आणि तो कोठून आणला ते सांगावे. पहिल्या उत्तरावर थांबू नये, प्रत्येक सदस्याने निदान एक उपप्रश्न विचारावा.